रंगीत काचेपुढे काय लावावं: जाळी, पॉलिकार्बोनेट की लॅमिनेटेड काच?

पॉलिकार्बोनेटची पारदर्शक प्लॅस्टिक शीट लावून दहा-बारा पावसाळे झालेली चर्चची खिडकी रस्त्यावरूनच ओळखू येते. दगडी कमानीत शिशाच्या काळ्या रेषा आणि उंचसखल काचेचे तुकडे दिसायचे, तिथे एक पिवळट दुधी पडदा असतो. स्क्रूभोवती तड्यांच्या चांदण्या उमटलेल्या असतात. शीटच्या तळाशी, आतल्या अंगाला, धूळ, पिसं आणि मेलेल्या माश्यांचा चार बोटं थर साचलेला असतो, आणि त्यात बहुधा पिंपळाचं एक रोपही. आत जाऊन पाहावं तर संताच्या झग्याचा निळा रंग करडा झालेला. दगड लागून काच फुटली नाही, हे खरं. पण एवढ्यासाठी एवढी किंमत मोजायची गरज होती का, हा या परीक्षणाचा विषय.

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जुन्या चर्चच्या रंगीत काचा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या आहेत. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) घ्या. तिथल्या मोठ्या खिडक्या न्यूकासलच्या विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेतल्या. त्यामुळे इंग्लंडमधल्या चर्चना या बाबतीत जे धडे मिळाले, ते आपल्याला जवळपास तसेच लागू पडतात. फरक पडतो तो हवेमुळे. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या शिंपल्यांच्या खिडक्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही, ती विद्या वेगळी.

आधी खिडकी बघा

कवच विकणारा माणूस येतो, टेपने लांबी-रुंदी घेतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो. तुमच्या खिडकीला भीती कसली आहे, हे तो विचारत नाही. बाजूच्या मैदानातला क्रिकेटचा चेंडू, रस्त्यावरून येणारा दगड, समुद्रावरचा वारा, गळणारं पाणी, की काचेवरचा रंगच झडतोय? प्रत्येकाचं औषध निराळं, आणि एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं हमखास वाढवतं.

खिडकीची घडण माहीत असली की निम्मं काम होतं. काचेचे तुकडे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. फटींत जवसाचं तेल आणि खडूची पूड यांची लांबी (पुट्टी) भरलेली असते. सगळं मिळून एक तावदान होतं. ते तांब्याच्या तारांनी आडव्या लोखंडी सळयांना बांधलेलं असतं आणि कडेने दगडातल्या खाचेत चुन्याने बसवलेलं असतं. चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या, खालची अक्षरं हे सारं काळ्या-तपकिरी रंगाने काढून भट्टीत भाजलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते काचेच्या आतल्या बाजूला असतं. इंग्लंडमध्ये १८६० ते १८८० च्या सुमारास काही कार्यशाळांनी या रंगात टाकणखार वापरला. रंग कमी आचेवर बसायचा, पण ओलाव्यापुढे टिकायचा नाही. अशा खिडक्यांत काच ठणठणीत असते आणि चेहरे मात्र पुसून गेलेले असतात. तेव्हा 'विटलेला' रंग ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, उरलासुरला चेहराही फडक्यावर येईल.

कवचाचा विचार करण्याआधी तीन गोष्टी तपासा. तावदानाला पोट सुटलंय का, हे दोन टोकांना दोरी ताणून मोजा. तांब्याच्या तारा तुटल्यात का ते पाहा. बोटाने अगदी हलकं दाबल्यावर काच शिशात खुळखुळते का तेही बघा. तारा तुटलेल्या असतील आणि लांबी झडलेली असेल, तर आधी ती दुरुस्ती. गळती झाकायला पुढे शीट ठोकणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं. लांबी तशीच मरत राहते, आणि ते आता कोणाला दिसतही नाही. शिवाय प्रत्येक तावदानाचा आतून, दिवसाउजेडी, नंबर टाकून फोटो काढून ठेवा. उद्या काच फुटलीच तर पुन्हा रंगवणाऱ्याला त्या फोटोशिवाय दुसरा आधार नसतो. सगळ्यांत स्वस्त विमा हाच.

पॉलिकार्बोनेट: आघाताला पहिला नंबर, बाकी सगळ्यात शेवटचा

लेक्सन, मॅक्रोलॉन अशा नावांनी हे मिळतं आणि भर असतो तो 'न फुटणारं' या शब्दावर. ते बव्हंशी खरं आहे. ४ मिमीची भरीव शीट दगडाला दाद देत नाही. वजन चौरस मीटरला फक्त ४.८ किलो, त्यामुळे परांचीवर दोन माणसं सहज हाताळतात. वाकवता येतं, जागेवर कापता येतं. जिथे रोज दगड पडतो, कुंपण नाही आणि खिडकी हाताच्या उंचीवर आहे, तिथे याला पर्याय शोधणं कठीण.

आता दुसरी बाजू. पॉलिकार्बोनेट उन्हाने जेवढं फुगतं त्याच्या सातव्या हिश्शाइतकीच काच फुगते. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत शीटच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर २ मीटरची शीट ५ मिमीहून जास्त लांबते-आखडते. फॅब्रिकेटर ६ मिमीच्या स्क्रूला ६ मिमीचंच भोक पाडतो आणि करकचून आवळतो. शीटला हलायला जागा नाही, म्हणून ताण भोकाच्या कडेला जमतो आणि तिथून चांदणी फुटते. ६ मिमी स्क्रूला भोक १० मिमीचं हवं, त्यावर २५ मिमीचा रुंद वॉशर आणि खाली ईपीडीएम रबर. स्क्रू हाताने फिरवून वॉशर जेमतेम टेकला की थांबायचं. रबर पीव्हीसीचं असेल तर नको, त्यातलं तेलकट द्रव्य शीटमध्ये उतरतं आणि तीही तडकते.

पिवळेपणाची गोष्टही बहुधा बसवण्यातच बिघडते. अतिनील किरण अडवणारा थर कित्येक शीटना एकाच बाजूला असतो, आणि तोही मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा पातळ. ती बाजू कोणती हे फक्त वरच्या संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं. फिल्म जमिनीवरच सोलून टाकली, की मग कोणती बाजू कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. फिल्म शीट चढवल्यावर, पण त्याच दिवशी काढायची. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते. दोन्ही बाजूंना थर असलेली शीट मिळते, थोडी महाग पडते, पण घ्यायची तर तीच घ्या. उत्पादकाची हमी साधारण दहा वर्षांची असते आणि पिवळेपणाच्या ठरावीक प्रमाणापुरती. चर्च दीडशे वर्षांचं आहे, हा हिशेब डोक्यात असू द्या.

ओरखडे मात्र पहिल्याच साफसफाईला पडतात. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ती सँडपेपरचं काम करते. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस्स. अमोनिया असलेले काच पुसायचे निळे फवारे आणि थिनर याला विषासमान.

आणखी एक भानगड वाऱ्याची. पॉलिकार्बोनेटचा ताठपणा काचेच्या सुमारे तिसावा हिस्सा. मोठी शीट वाऱ्यात नगाऱ्यासारखी वाजते, पोट पुढे-मागे करते, आणि कडा खाचेत उथळ बसली असेल तर निसटून बाहेर येते. भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, पुण्यासाठी ३९. मुंबईच्या आकड्याचा दाब उंची-परिसराचे गुणक लावण्याआधीच चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास येतो. संपूर्ण कमानीवर एकच मोठी शीट लावून दगडी उभे खांब झाकून टाकणाऱ्या कोटेशनला याच कारणाने नकार द्या. शिवाय ती दिसते तरी कशी! कमानीला प्लॅस्टिकचा चष्मा लावल्यासारखी.

पोकळ, दुहेरी भिंतीची शीट (शेडला लावतात ती) कुणी सुचवली तर विषय तिथेच संपवा. तिच्या नळ्यांत शेवाळ धरतं. अॅक्रिलिक उन्हात पॉलिकार्बोनेटपेक्षा चांगलं टिकतं, पिवळं पडत नाही, पण दगड लागला की तडकतं. मग ते लावून मिळवलं काय?

जाळी: कंटाळवाणी आणि बहुतेकांना पुरेशी

इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यातल्या चर्चना वर्षानुवर्षं तारेची जाळीच लागत आली. जुन्या जाळ्या तांब्याच्या किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाच्या असत. तांब्याने दगडावर हिरवे ओघळ येतात, लोखंडाने तपकिरी. आज घ्यायची ती स्टेनलेसची, वर काळं पावडर कोटिंग. काळंच का? चकचकीत स्टील उन्हात चमकतं आणि नजर जाळीवरच अडकते. काळी जाळी चार पावलांवरून खिडकीच्या अंधारात विरून जाते.

आमच्या मते मुंबई-पुण्यातल्या दहापैकी सात-आठ खिडक्यांना हेच योग्य. जाळी हवा अडवत नाही. उघडणारी झडप असेल तर ती उघडता येते, काचेला घाम फुटत नाही, आणि काढून घेतली तर मागे चार भोकांपलीकडे खूण राहत नाही. २ मिमीची तार आणि २० मिमीची उघडी चौकट धरली तर समोरून सुमारे ८३ टक्के जागा मोकळी राहते, वजन चौरस मीटरला अडीच किलोच्या आत. क्रिकेटचा चेंडू ७ सेंमीच्या वर असतो, तो अडतो. मुठीएवढा दगड अडतो. सुपारीएवढा खडा आणि छर्‍याची बंदूक मात्र अडत नाही, हे समजून घ्या. त्याहून बारीक चौकटीची जाळी घेतली तर प्रकाश घटतो आणि पानं, कागद, पतंगाचा मांजा सगळं अडकून बसतं. ऊन तिरपं असेल तेव्हा आतून जाळीची पुसट सावली काचेवर दिसते. फिक्या रंगाच्या खिडकीत ती खटकते, गडद रंगाच्या खिडकीत दिसतच नाही.

स्टीलचा दर्जा हा इथला सगळ्यात मोठा घोळ. कुलाबा, वांद्रे, वसई असल्या खाऱ्या हवेत ३०४ दर्जाच्या स्टीलवर दोन-तीन पावसाळ्यांत चहासारखे डाग येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला बरंच तोंड देतं. दोन्ही दिसायला सारखी. चुंबक लावून ओळखण्याचा जो खेळ गोदामात करून दाखवतात त्याने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. मोलिब्डेनम तपासायचे थेंब मिळतात, एका तुकड्यावर थेंब टाकून रंग बघा, तेही पावडर कोटिंग चढण्याआधी. वेल्डच्या जागी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो आम्लाच्या पेस्टने साफ करून घ्यायला हवा. तसाच कोटिंगखाली गेला तर गंज तिथूनच सुरू होतो आणि कोटिंग पापडासारखं उचलतं.

बनवून घेताना प्रत्येक गाळ्याची (दोन दगडी खांबांमधल्या भागाची) जाळी वेगळी हवी: गाळ्याच्या आकारात वाकवलेली ६ ते ८ मिमी गजाची चौकट आणि तिला वेल्ड केलेली जाळी. चौकट आणि दगड यांत चहूकडून ५-६ मिमी मोकळी जागा. वरच्या दगडी नक्षीतले पाकळ्यांसारखे आकारही त्यांच्याच आकारात. संपूर्ण खिडकीवर एक आयताकृती चौकट ठोकली की चर्चचं गोदाम होतं. जाळी काचेपासून किमान ४० ते ५० मिमी लांब हवी, कारण चेंडू लागला की ती आत दबते. हे अंतर तावदानाच्या पोटापासून मोजायचं, कडेपासून नाही. मघाची दोरी इथे कामाला येते.

लॅमिनेटेड काच: महाग, जड, पण दिसायला काच

दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिवट थर. ३ अधिक ३ मिमी काच आणि मधे ०.७६ मिमी थर ही रचना बहुतेक गाळ्यांना पुरते. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागेवरच राहते आणि मागची खिडकी वाचते. पीव्हीबी अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतं. पिवळेपणा नाही, ओरखडे नाहीत, पावसाने धुऊन निघते. वजन चौरस मीटरला १६ किलो. ६० सेंमी रुंद आणि २.४ मीटर उंच गाळ्याला २३ किलो, म्हणून दोन-तीन तुकड्यांत विभागणी करावी आणि सांधे आतल्या आडव्या सळयांच्या रेषेत आणावेत, म्हणजे दुहेरी रेषा दिसत नाहीत.

उणीव आहे ती प्रतिबिंबाची. सपाट काच ८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते, तेव्हा बाहेरून खिडकीत आकाश आणि समोरची इमारत दिसते. कार्यालयाच्या दर्शनी काचेसारखी. यावर उपाय दोन: बाहेरच्या काचेलाही मूळ खिडकीच्या मुख्य रेषांप्रमाणे शिशात बांधायचं, किंवा भट्टीत किंचित लहरी दिलेली काच वापरायची. दोन्ही खर्चिक. रस्त्याकडच्या खिडकीला करा, मागच्या अंगणातल्या खिडकीला सपाट चालेल.

कडा हा लॅमिनेटेडचा नाजूक भाग. खालची कड पाण्यात उभी राहिली तर पीव्हीबी पांढरट होतं आणि थर सुटू लागतो. तळाशी काच थेट दगडावर न टेकवता रबराच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवा आणि पाणी जायला वाट ठेवा.

टफन्ड काच स्वस्तात देतो म्हणणारा भेटेल. टफन्ड एकदा भाजली की कापता येत नाही, कमानीचा आकार २ मिमी चुकला तरी ती भंगारात. फुटली तर एका क्षणात सगळी काच दाण्यांत कोसळते, आणि पुढचा दगड थेट मूळ खिडकीवर. कधी काचेतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे कोणी हात न लावताही फुटते. या कामाला ती एकटी नको.

यॉर्कची पद्धत आणि आपण

इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलमध्ये मूळ खिडक्यांच्या बाहेरून साधी काच लावायला १८६१ मध्येच सुरुवात झाली होती. पुढे युरोपात दुसरी रीत रुळली: मूळ तावदानं दगडी खाचेतून काढायची, खाचेत नवी काच बसवायची, आणि मूळ तावदानं पितळ किंवा काशाच्या चौकटीत घालून आतल्या बाजूला, मधे हवेची फट ठेवून टांगायची. फट वर-खाली चर्चच्या आत उघडी. त्यामुळे जुन्या काचेच्या दोन्ही बाजूंना खोलीतलीच हवा राहते, ऊन-पाऊस नवी काच सोसते आणि थंडीत घाम फुटतो तोही नव्या काचेला. यॉर्कची पूर्वेकडची महाखिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये केलेली. तिच्या ३११ तावदानांच्या जतनाचं काम २०१८ मध्ये पुरं झालं. बाहेर बव्हेरियातल्या लँबर्ट्स कारखान्यात तोंडाने फुंकलेली, अतिनील रोखणारी काच आहे.

मध्ययुगीन काचेत लाकडाच्या राखेतलं पोटॅश असतं आणि ती ओलाव्याने अक्षरशः कुजते. तिच्यासाठी हा खर्च न्याय्यच. आपल्याकडची एकोणिसाव्या शतकातली काच सोड्याची, पुष्कळ टिकाऊ. रंग झडत असलेली एखादी अव्वल खिडकी असेल तरच या वाटेला जा. एरवी परांची, चौकटी आणि कुशल हात यांचा खर्च जाळीच्या कित्येक पट होतो. चौकटीच्या कडेने आत उजेडाची पांढरी रेघ येते, ती शिशाच्या पातळ पट्टीने झाकावी लागते. एवढं बारीक काम जमणारी माणसं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी.

हवा

शीट असो की काच, मागची पोकळी बंद झाली तर मूळ खिडकीची भट्टी होते. शिसं उन्हाने काचेच्या तिप्पट फुगतं. रोज तापून रोज निवण्याने ते थकतं, तडकतं, पोट वाढतं. आत शिरलेला ओलावा बाहेर जात नाही, लोखंडी सळया गंजतात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि सळई जिथे दगडात रुतलीय तिथला दगड फोडतो. 'पाणी यायला नको' म्हणून चारी कडा सिलिकॉनने बुजवणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी चूक.

फट ५० ते ७० मिमी चांगली, ३० च्या खाली जाऊ नका. वर आणि खाली गाळ्याच्या पूर्ण रुंदीची किमान २५ मिमी वाट हवी. शीटच्या कोपऱ्यात दोन भोकं पाडून 'व्हेंटिलेशन दिलंय' म्हणतात, ते हवेला कळत नाही. वाटेवर कबुतरं आणि गांधीलमाश्यांसाठी बारीक जाळी लावावीच लागते. जाळीने वाट अरुंद होते, म्हणून तेवढी वाट आधीच मोठी धरायची. वरच्या वाटेवर पावसासाठी शिशाची किंवा स्टेनलेसची छोटी झापड हवी. अॅल्युमिनियम नको, चुन्याला लागून ते खंगतं.

सिलिकॉन जिथे लागेलच तिथे 'न्यूट्रल क्युअर' असं लिहिलेली नळीच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं. त्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि बंद पोकळीत तर ती फार वेगाने वाढते. नळीचं टोक कापून वास घ्या, लगेच समजतं.

एसी लावलेलं चर्च हा खास आपला प्रश्न आहे, युरोपातल्या पुस्तकी नियमांत तो सापडत नाही. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दंव धरतं. आत एसी २३-२४ वर चालू असेल तर काच त्या २६ अंशांच्या खाली जाऊ शकते. पोकळी बाहेरच्या हवेला उघडी ठेवली तर मूळ काचेची बाहेरची बाजू ओली होते. आतल्या हवेला उघडी ठेवली तर दंव बाहेरच्या नव्या काचेवर जातं. म्हणजे एसी असेल तर यॉर्कसारखी आत उघडणारी फट बरी, नसेल तर बाहेर उघडणारी स्वस्त आणि पुरेशी. रंग बाहेरच्या बाजूनेही काढलेला असेल, आणि काही खिडक्यांत तो असतो, तर हा निर्णय संवर्धकाला विचारल्याशिवाय करू नका.

ठोकताना

भोक दगडात नाही, दगडांमधल्या सांध्यात. सांधा पुन्हा चुन्याने भरता येतो, दगड भरता येत नाही. पोरबंदरचा चुनखडी दगड तर ड्रिल लागताच पीठ होतो. ४० ते ५० मिमी खोल भोक, नायलॉनचा प्लग आणि ए४ दर्जाचा (म्हणजे ३१६ च्या तोडीचा) ६ मिमी स्टेनलेस स्क्रू, ४५ ते ६० सेंमीवर एक ब्रॅकेट. फुगून घट्ट बसणारे लोखंडी अँकर बोल्ट कडेजवळ दगड फोडतात. सिमेंटने सांधे भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी अडवतं आणि दगडाची कड झडते. सगळं कवच स्क्रू सोडवून काढता यायला हवं, कारण मागची साफसफाई निदान दोन वर्षांतून एकदा करावीच लागते.

मापाची चूक सर्वांत जास्त होते. चार गाळे सारखे दिसतात, पण दगडात हाताने कोरलेले असल्याने कधीच सारखे नसतात. प्रत्येक गाळ्याचा पुठ्ठा किंवा पातळ प्लाय कापून साचा घ्या. त्यावर गाळ्याचा नंबर, 'वर', आणि मुख्य म्हणजे 'बाहेरची बाजू' असं लिहा. हे शेवटचे दोन शब्द लिहायचे राहिले की कमानीचा डावा-उजवा उलटा कापून येतो, आणि काच असेल तर ती परत घेत नाहीत.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. मुंबईत वारसा यादीतल्या इमारतीच्या दर्शनी बाजूत बदल करायचा तर वारसा संवर्धन समितीकडे जावं लागतं; नियम १९९५ पासूनचे आहेत. इंग्लंडमध्ये चर्च सांभाळणाऱ्या मराठी मंडळींना धर्मप्रांताची 'फॅकल्टी' परवानगी लागते, आणि बाहेरून रूप बदलत असेल तर स्थानिक नियोजन खात्याचीही. अर्जाला एका गाळ्याचा नमुना बसवून काढलेला फोटो जोडला तर काम सोपं होतं. नमुना एकाच गाळ्याला लावून एक पावसाळा जाऊ द्यावा, हे तर आम्ही प्रत्येकालाच सांगू.

मूळ काचेला चिकटवायची सेफ्टी फिल्म आणि रंगीत तावदानच दुहेरी काचेच्या पाकिटात सीलबंद करून देणं, हे दोन पर्यायही बाजारात आहेत. जुन्या खिडकीला दोन्ही वर्ज्य. पहिली काढताना रंग घेऊन येते, दुसऱ्याचं सील सुटलं की ओलावा कायमचा आत.

कोटेशनमध्ये हे शब्द लिहून घ्या: स्टील ३१६, वेल्ड साफ करून मग कोटिंग, शीट दोन्ही बाजूंनी अतिनील संरक्षित, भोकं १० मिमी, सिलिकॉन न्यूट्रल, प्रत्येक गाळा स्वतंत्र, फट आणि वाटांची मापं मिमीमध्ये, ठोकणं फक्त सांध्यांत. एवढं लिहिल्यावर निम्मे लोक परत फोन करत नाहीत, आणि तेही एका अर्थी बरंच.

काम ताब्यात घेताना बाहेर उघडणाऱ्या फटीची परीक्षा साधी आहे. वारा पडलेला असताना, ऊन खिडकीवर आलं की खालच्या वाटेपाशी, शीटला न लावता, पेटती उदबत्ती धरा. तापलेली हवा वर चढत असेल तर धूर आत ओढला जातो आणि थोड्या वेळाने वरच्या वाटेतून बाहेर पडताना दिसतो. धूर जागच्या जागी घुटमळत राहिला, तर शेवटचा हप्ता हातात ठेवा आणि वरची जाळी उघडायला सांगा.